एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह आलंय? मग एक फाइल करा

रक्तदान शिबिर होऊन काही दिवस झाले, रक्तपेढीतून फोन आला आणि पलीकडची बाई फक्त एवढंच म्हणाली, "एकदा प्रत्यक्ष येऊन भेटा, थोडं बोलायचंय," तर आमच्या भागात ती बाई बहुतेक मीच असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रक्तपेढीत मी समुपदेशक आहे. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी होते. यातलं काही सापडलं तर पिशवी नष्ट होते आणि दात्याला बोलावून सांगावं लागतं. फोनवर मी आजाराचं नाव घेत नाही. कारण फोन बायको उचलते, कधी पोरगा उचलतो, कधी दुकानातला नोकर.

समोर येऊन बसतो तो सहसा धडधाकट माणूस असतो. गणेश मंडळाचा कार्यकर्ता, शिवजयंतीला दरवर्षी रक्त देणारा रिक्षावाला, बोटीवर जाणारा तरुण. मी सांगते, "तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी दिसतोय." उत्तर ठरलेलं असतं: "पण मॅडम, मला तर काहीच होत नाही."

या आजारात "काही होत नाही" या म्हणण्याला काडीचाही अर्थ नसतो. हिपॅटायटिस बी हा यकृताचा आजार, आणि यकृताच्या आत दुखणं जाणवून देणाऱ्या नसाच नाहीत, वेदना होते ती फक्त वरच्या आवरणाला. शिवाय निम्म्याहून जास्त यकृत खराब झालं तरी उरलेलं काम ओढत राहतं. त्यामुळे ज्याचं यकृत उत्तम आहे तोही "मला काही नाही" म्हणतो आणि ज्याला सिरॉसिस (यकृत गाठीगाठींचं आणि कडक होणं) सुरू झालाय तोही तेच म्हणतो. दोघांमधला फरक कळतो तो कागदावरच्या आकड्यांवरून. म्हणून मी प्रत्येकाला पहिली गोष्ट सांगते ती ही, की घरी जाताना एक साधी प्लास्टिकची फाइल विकत घ्या. पुढचं सगळं त्या फाइलमध्ये काय काय यायला हवं आणि ते कसं वाचायचं, याबद्दल आहे.

पहिला कागद: खात्रीचा

रक्तपेढीची तपासणी चाळणीसारखी असते. एकही संशयित पिशवी सुटू नये म्हणून ती कडक ठेवलेली असते, त्यामुळे कधी कधी निरोगी माणूसही त्यात अडकतो. हिपॅटायटिस बीची लस घेतल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत रक्त दिलं तर लसीतलाच घटक रक्तात सापडून तपासणी पॉझिटिव्ह, रक्तपेढीच्या भाषेत रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. तेव्हा आधी चांगल्या प्रयोगशाळेत किंवा जिल्हा रुग्णालयात एचबीएसएजी, म्हणजे या विषाणूच्या आवरणाचा अंश रक्तात शोधणारी तपासणी, पुन्हा करून घ्या, आणि ती एलिसा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने करा, नुसत्या झटपट कार्डवर नको. जुने डॉक्टर याच तपासणीला "ऑस्ट्रेलिया अँटिजेन" म्हणतात. दोन्ही एकच.

त्याच वेळी दंडातून सुई घालायचीच आहे तर आणखी काही तपासण्या एकदमच करून घ्या. अँटी-एचबीसी टोटल आणि अँटी-एचबीसी आयजीएम, अँटी-एचबीएस, एचबीईएजी, लिव्हर फंक्शन टेस्ट, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी. शिवाय एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी, कारण हे तिघे एकाच वाटेने येतात. या सगळ्यात महत्त्वाची पण जरा खर्चिक तपासणी म्हणजे एचबीव्ही डीएनए, ज्याला लोक व्हायरल लोड म्हणतात.

आता हे वाचायचं कसं. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू या घडीला शरीरात आहे. अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह म्हणजे हा विषाणू आयुष्यात कधीतरी खरोखर शरीरात शिरला होता. लसीमुळे ही तपासणी पॉझिटिव्ह येत नाही, म्हणून लस आणि लागण यांतला फरक तिच्यावरून कळतो. तिच्यातलं आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर लागण बहुधा नुकतीच, गेल्या काही महिन्यांतली आहे. अँटी-एचबीएस म्हणजे संरक्षण, ते १० किंवा त्याहून जास्त असेल तर तुम्ही सुरक्षित. एचबीईएजी पॉझिटिव्ह असेल तर विषाणूची वाढ जोरात चालू आहे आणि तुमच्याकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता जास्त. डीएनए हा रक्तातल्या विषाणूचा प्रत्यक्ष मोजलेला आकडा. कुणाचा शंभर येतो, कुणाचा कोटींच्या घरात जातो. कोटी ऐकून माणसाचा चेहरा पांढरा पडतो, पण तरुण वयात आकडा प्रचंड आणि यकृत मात्र ठणठणीत, असंही असतं. एकटा आकडा कधीच वाचू नका.

सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा करायची. हे माझं सगळ्यात जास्त वेळा सांगून होणारं वाक्य आहे आणि सगळ्यात जास्त लोक विसरतात तेही हेच. सहा महिन्यांनंतरही ती पॉझिटिव्ह असेल तरच आजार दीर्घकालीन, म्हणजे क्रॉनिक, म्हणायचा. मोठ्या वयात नव्याने लागण झालेल्या शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त लोकांचं शरीर विषाणूला आपणहून हाकलून लावतं. लहानपणी मात्र गणित उलटं असतं. जन्माच्या वेळी लागण झालेल्या शंभरातली नव्वद बाळं आयुष्यभर विषाणू घेऊन जगतात.

"मला कुठून आलं?"

हा प्रश्न मी जपून हाताळते, कारण यावर संसार मोडायला आलेले मी पाहिलेत. विषाणू शारीरिक संबंधातूनही पसरतो हे खरंच आहे. ते कळलं की बायको नवऱ्याकडे आणि नवरा बायकोकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतो. पण तुमचं वय पस्तीस-चाळीस असेल, आयजीएम निगेटिव्ह असेल आणि एचबीएसएजी महिनोन्‌महिने टिकून असेल, तर तो बहुधा लहानपणापासूनच तुमच्या अंगात आहे. बाळंतपणात आईकडून आला असेल, घरात भावंडांकडून, किंवा सुईतून.

आपल्या लहानपणी गावातल्या दवाखान्यात काचेची सिरिंज असायची, स्टीलच्या डबीत स्टोव्हवर उकळायची. गर्दी असली की किती उकळायची ते पाहायला वेळ कुणाला होता? हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस जिवंत राहतो आणि एचआयव्हीपेक्षा पन्नास ते शंभर पट जास्त सहज पसरतो. डिस्पोझेबल सिरिंज आल्यानंतरही २००९ साली गुजरातमधल्या मोडासा गावात वापरलेल्याच सुया पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ आली आणि माणसं मेली. जत्रेतलं गोंदण, एकाच सुईने टोचलेले कान, न्हाव्याचा न बदललेला वस्तरा हेही त्याच रांगेतले.

लसही तेव्हा कुठे होती? भारतात बनलेली पहिली लस हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली बाजारात आणली. त्याआधीची परदेशी लस सामान्य घराला परवडण्यासारखी नव्हती. सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी देशभर पोचायला २०११-१२ उजाडलं. म्हणजे आज माझ्यासमोर बसणारे बहुतेक जण लसीच्या आधी जन्मलेले. त्यांची चूक एवढीच, की ते लवकर जन्मले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना दीर्घकालीन हिपॅटायटिस बी होता. एवढ्या सगळ्यांनी काही वाकडं पाऊल टाकलेलं नाही.

रक्तातून लागण झाल्याचं एक उदाहरण सगळ्यांना पटतं. १९८२ च्या अपघातानंतर अमिताभ बच्चन यांना मुंबईत खूप रक्त द्यावं लागलं, त्यातून हिपॅटायटिस बी आला आणि कित्येक वर्षांनी साध्या तपासणीत तो कळला, तोवर यकृताचा मोठा भाग गेला होता, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलंय. मधली सगळी वर्षं ते पडद्यावर मारामाऱ्या करत होते. "मला काही होत नाही" म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

यकृताच्या आत काय चालतं

गंमत वाटेल, पण हा विषाणू यकृताच्या पेशीला स्वतः मारत नाही. तो तिच्यात घर करतो, तिच्या केंद्रकात आपला एक गोल धागा ठेवून देतो आणि स्वतःच्या नकला काढून घेतो. पेशीला मारते ती आपलीच प्रतिकारशक्ती. लहान बाळाची प्रतिकारशक्ती त्याला परका समजत नाही, म्हणून वीस-तीस वर्षं कसलीच लढाई होत नाही. एसजीपीटी (लिव्हर फंक्शन टेस्टमधला यकृताच्या पेशींतल्या एका घटकाचा आकडा) नॉर्मल, विषाणू कोटींनी, यकृत मऊ. मग विशी-तिशीत, कधी चाळिशीत, शरीराला जाग येते आणि ते लागण झालेल्या पेशी शोधून मारायला लागतं. पेशी फुटली की तिच्यातलं एसजीपीटी रक्तात सांडतं, म्हणून तपासणीत आकडा वाढलेला दिसतो.

ही धुमश्चक्री लवकर आटोपली तर विषाणू दबतो आणि माणूस वर्षानुवर्षं शांततेत राहतो. लांबली तर मेलेल्या पेशींच्या जागी व्रणाच्या तंतूंचं जाळं तयार होतं. त्याला फायब्रोसिस म्हणतात. जाळं वाढत वाढत यकृत गाठीगाठींचं आणि कडक झालं की सिरॉसिस. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला कडक यकृतातून वाट मिळत नाही, ते तुंबतं. प्लीहा मोठी होते, प्लेटलेट कमी होतात, पोटात पाणी साठून जलोदर होतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखादे दिवशी फुटून रक्ताची उलटी होते. आतड्यातला अमोनिया गाळला जात नाही, मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो.

यकृताचा कर्करोग हा दुसरा धोका. हिपॅटायटिस बीमध्ये तो सिरॉसिस न होताही होऊ शकतो, कारण विषाणू आपले तुकडे पेशीच्या गुणसूत्रांत घुसवतो. त्यामुळे कमी लोड असलेल्यांनीही तपासणी सोडायची नाही.

काविळीची माळ

आमच्याकडे पिवळे डोळे दिसले की अजूनही पहिला फोन डॉक्टरला जात नाही. कुणी माळ घालतो आणि माळ लांब झाली की "कावीळ उतरतेय" म्हणतो. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळं झालेलं दाखवतो, कुणी नाकात रस पिळतो, कुणी दंडावर डाग देतो. घरात हळद बंद होते, तेल बंद होतं, माणूस उकडलेल्या भातावर येतो.

यावर लोकांचा विश्वास का बसतो, ते मला कळतं. आपल्याकडच्या बहुतेक काविळी दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई च्या असतात, आणि त्या बहुतांश माणसांत काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. मोठ्या माणसाला नव्याने झालेला हिपॅटायटिस बीसुद्धा बहुतेक वेळा आपोआप जातो. माळ घातलेली असो वा नसो. श्रेय माळेला मिळतं. पण ज्याचा विषाणू लहानपणापासूनचा आहे त्याच्या बाबतीत डोळ्यांचा पिवळेपणा ओसरतो आणि आत आजार तसाच चालू राहतो. माळ उतरली म्हणून तो निर्धास्त होतो, आणि तीच वर्षं उपचाराची असतात. म्हणून माझी विनंती अशी: माळ घालायचीच असेल, घरच्यांचा आग्रह मोडवत नसेल, तर घाला. पण त्याच दिवशी रक्त तपासा आणि नाकात, पोटात किंवा कातडीवर काहीही करून घेऊ नका.

फाइलमधला हिशेब

एसजीपीटीचा आकडा जाड अक्षरात छापला नाही म्हणजे तो ठीक, असं समजू नका. प्रयोगशाळा सहसा ४० किंवा ४५ पर्यंत नॉर्मल लिहितात. जागतिक आरोग्य संघटना हिपॅटायटिस बीसाठी पुरुषांत ३० आणि स्त्रियांत १९ ही वरची मर्यादा धरते. म्हणजे बाईचा आकडा ३६ असेल तर रिपोर्टवर खूण नसते, पण डॉक्टरला तो दाखवून विचारायला हवं.

दुसरा एक हिशेब घरबसल्या करता येतो, त्याला एप्री म्हणतात. एसजीओटी, म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्टमधला एसजीपीटीचा जोडीदार, त्याचा आकडा त्याच रिपोर्टवरच्या वरच्या मर्यादेने भागायचा. आलेल्या उत्तराला प्लेटलेटने भागायचं, पण प्लेटलेट हजारात धरायच्या, म्हणजे २ लाख असतील तर २००. मग शंभराने गुणायचं. समजा एसजीओटी ६०, मर्यादा ४०, प्लेटलेट २ लाख. साठ भागिले चाळीस दीड, दीड भागिले दोनशे गुणिले शंभर म्हणजे ०.७५. संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ०.५ च्या वर गेलं तर लक्षणीय फायब्रोसिसची शंका घ्यायची आणि १ च्या वर गेलं तर सिरॉसिसची. हा अंदाज आहे, निदान नव्हे. डेंग्यूत प्लेटलेट पडल्या असतील किंवा दारूमुळे एसजीओटी वाढलं असेल तर हिशेब फसतो. पण डॉक्टरसमोर बसताना हा आकडा हातात असलेला माणूस योग्य प्रश्न विचारतो, हे मी पाहिलंय.

जमलं तर फायब्रोस्कॅन करा. पोटावर यंत्र टेकवून यकृताचा कडकपणा मोजतात, सुई नाही, दुखत नाही, सकाळी उपाशी जावं लागतं. उत्तर किलोपास्कलमध्ये येतं. ७ च्या वर लक्षणीय फायब्रोसिस, १२.५ च्या वर सिरॉसिसचा संशय. एसजीपीटी खूप वाढलेलं असताना केलं तर आकडा खोटा जास्त येतो, हे मात्र लक्षात ठेवा.

फाइलच्या आतल्या बाजूला एक कोरा कागद चिकटवून उभे रकाने आखा. तारीख, एसजीपीटी, एसजीओटी, प्लेटलेट, अल्ब्युमिन, डीएनए, सोनोग्राफी. दर सहा महिन्यांनी एक ओळ भरायची. पाच ओळी झाल्या की डॉक्टरला एका नजरेत जे कळतं ते सुट्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यातून कळत नाही. अल्ब्युमिन (यकृत तयार करतं ते प्रथिन) हळूहळू उतरतंय, प्लेटलेट दरवेळी दहा-वीस हजारांनी कमी होतायत, हे एकेका कागदात नजरेतून सुटतं.

औषध प्रत्येकाला लागत नाही, हे ऐकून काहींना राग येतो. "आजार आहे आणि औषध नाही?" फायब्रोसिस दिसला, किंवा डीएनए २,००० च्या वर आणि एसजीपीटीही मर्यादेच्या वर असेल, किंवा घरात कुणाला यकृताचा कर्करोग झाला असेल, सोबत एचआयव्ही किंवा मधुमेह असेल, तर उपचाराचा विचार होतो. निर्णय डॉक्टरचा. औषध म्हणजे रोज एक गोळी, टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि ही औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन "हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे आहे" असं सरळ विचारा. ही तारीखही सहज निवडलेली नाही. हा विषाणू शोधणारे आणि १९७६ चं नोबेल मिळवणारे बरुच ब्लुमबर्ग यांचा तो वाढदिवस.

गोळी विषाणूला वाढू देत नाही, पण केंद्रकातला तो धागा राहतोच, शेतातल्या हरळीच्या मुळासारखा. म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही. डीएनए शून्य झाला, बरं वाटलं, गोळ्या संपल्या, पावसात रुग्णालयात जाणं झालं नाही, असं करत दोन महिने गेले की विषाणू उसळी मारतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. गोळ्या पंधरा दिवसांच्या उरल्या की पुढच्या आणायला निघायचं. एन्टेकॅविर उपाशीपोटी, जेवणाच्या दोन तास आधी किंवा दोन तास नंतर. टेनोफोविर चालू असेल तर क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी अधूनमधून. यात मोठा दिलासा असा, की वर्षानुवर्षं नेमाने गोळी घेतलेल्यांचा फायब्रोसिस मागे फिरतो, काहींचा सिरॉसिससुद्धा.

एचबीएसएजी पूर्ण निगेटिव्ह होणं मात्र दुर्मीळ आहे, वर्षाला शंभरातला साधारण एक. हे मी आखातात जायला निघालेल्या मुलांना स्पष्ट सांगते. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी जणांना हा आजार तिथल्या नोकरीच्या मेडिकलमध्येच कळतो, कारण आखाती देशांच्या तपासणीत एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे अनफिट. मग कुणी "तीन महिन्यांत निगेटिव्ह करून देतो" म्हणून कोर्स विकतो. कर्ज काढून ते पैसे देऊ नका. असं औषध आज कुणाकडेही नाही. आणि लागण झाल्यावर लस घेऊनही काही उपयोग होत नाही.

घरातली माणसं

आता ताटाबद्दल. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून प्यायल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने, डासाने पसरत नाही. तरीही घरात पहिली वेगळी होते ती ताटवाटी, आणि त्यातही सुनेची आधी. बाळंतपणाच्या तपासणीत पॉझिटिव्ह आलेल्या मुलींना मागच्या पडवीत वेगळा पेला ठेवलेला मी पाहिलाय. मी अशा घरच्यांना बोलावून घेते आणि समोर बसवून सांगते: ताट एकच ठेवा, वेगळं करायचंच असेल तर दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर आणि कानातले वेगळे करा. जखम झाकून ठेवा. रक्त सांडलं तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून पुसा आणि जागा एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा मिश्रणाने धुवा.

जोडीदार, मुलं, आईवडील, भावंडं सगळ्यांची एचबीएसएजी, अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस करा. सगळं निगेटिव्ह असेल त्याला लस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी जोडीदाराचं अँटी-एचबीएस मोजा. ते १० च्या वर जाईपर्यंत निरोध वापरा. भावंडांना बोलवायला लोक का-कू करतात. पण आईकडून आलं असेल तर भावंडांनाही आलेलं असू शकतं, आणि त्यांच्या फाइल अजून उघडल्याच नसतील.

गरोदर बाईने घाबरू नये, पण उशीरही करू नये. डीएनए २ लाखांच्या वर असेल तर गरोदरपणातच टेनोफोविर सुरू करतात, बाळाला विषाणू जाऊ नये म्हणून. बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत, जमलं तर पहिल्या बारा तासांतच, लस आणि एचबीआयजी नावाचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दोन वेगळ्या मांड्यांवर. मग सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलेंट, म्हणजे हिपॅटायटिस बीसकट पाच आजारांची एकत्र लस. एचबीआयजी प्रत्येक ठिकाणी तयार नसतं, म्हणून आठव्या महिन्यातच बाळंतपणाच्या ठिकाणी विचारून ठेवा. दूध अंगावरचंच पाजा, त्याने बाळाला लागण होत नाही. बाळ साधारण वर्षाचं झालं की त्याचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस करून फाइलमध्ये लावा.

खाणंपिणं

हळद, तेल, मासे सगळं चालतं. सिरॉसिस असेल तर उलट प्रथिनं जास्त लागतात, आणि पथ्याच्या नावाखाली नुसत्या पेजेवर ठेवलेला माणूस लवकर खंगतो. दारू मात्र पूर्ण बंद. "फक्त शिमग्याला" हेही नको.

एका गोष्टीकडे आपलं लक्षच नसतं: शेंगदाणे. ओल धरलेल्या दाण्यांवर आणि मक्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात त्यामुळे यकृताच्या कर्करोगाचा धोका कैक पटीने वाढतो, आणि भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. कोकणात पावसाळ्यात दाणे ओले होतातच. काळपट, सुरकुतलेले, कडवट लागणारे दाणे निवडून टाका. कूट करून ठेवला की खराब दाणा ओळखू येत नाही, म्हणून कूट थोडा थोडाच करा.

कालवं, मुळे, तिसऱ्या असे शिंपल्यातले जीव नीट शिजवूनच. सिरॉसिस असेल तर अर्धकच्ची अजिबात नको. काढे आणि "लिव्हर साफ करणारी" चूर्णं डॉक्टरला दाखवल्याशिवाय नकोत. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेऊन यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. पण आधीच आजारी यकृत असलेल्या माणसाने त्या वादात आपलं शरीर पणाला का लावावं?

ताबडतोब निघायचं ते कधी

डोळे पिवळे, पोट फुगणं, पाय सुजणं, काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, असंबद्ध बोलणं. यातलं एकही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता रुग्णालय. रात्र असेल तरीही.

सिरॉसिस असलेल्यांनी, घरात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कर्करोगाची चाहूल देणारी रक्ततपासणी) चुकवू नये. गाठ दोन सेंटीमीटरची असताना सापडली तर काढता येते.

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: नाव, रक्तगट, "एचबीएसएजी पॉझिटिव्ह", कधीपासून, कोणती गोळी. हे पान दातांच्या डॉक्टरपासून शस्त्रक्रिया करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना दाखवायचं. सगळ्यात जास्त दाखवायचं ते दमा, संधिवात, त्वचारोग किंवा कर्करोगासाठी स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू होण्याआधी. प्रतिकारशक्ती दबली की झोपलेला विषाणू अनावर होतो, आणि आधीच गोळी सुरू केली तर ते टाळता येतं. डॉक्टर विचारतीलच असं धरून चालू नका. त्या पानाची एक झेरॉक्स पाकिटात ठेवा, एक घरातल्या अशा माणसाकडे द्या जो तुम्हाला दवाखान्यात घेऊन जाईल.